सैल

पहिल्या दिवशी मी कुणालाच काठी देत नाही.
पार्किंगपासून रेंजपर्यंत चालत येताना नुसतं बघतो.
कोण टाचेवर रेटा देतो,
कोण तेवढ्यात खिशातला फोन तीनदा चाचपतो,
कोण डिकी आपटतो
आणि कोण तळहाताने दाबून बसवतो.
अर्धा स्विंग तिथेच कळतो.
उरलेला अर्धा महिनाभर लपवून ठेवतात.

खारघरच्या डोंगरावरून ऊन अजून खाली आलेलं नसतं.
सहाव्या होलजवळ टिटवीने अंडी घातलीत,
म्हणून सध्या आम्ही सगळेच
तिकडे जरा डावीकडून जातो.
हेही कोचिंगच, पण त्याची फी नाही.

आजगावकर साहेब कस्टममधून निवृत्त.
वहीत चौतीस सूचना, तांबड्या शाईने अधोरेखित:
कोपर, कंबर, हनुवटी, श्वास.
चेंडूपुढे उभे राहिले
की चौतीस जण एकदम बोलायला लागतात
आणि चेंडू कंटाळून जाळीत जातो.
एके सकाळी वही मागून घेतली.
रोज परत मागतात. रोज देतो,
बादलीतला शेवटचा चेंडू मारून झाल्यावर.

डॉक्टर मुकादम, वाशीच्या.
दाढा उपटणारं मनगट, त्याला मी काय सांगणार?
वीस यार्डांवरचा चेंडू चाळीस यार्डांवर टाकायच्या.
एकदा विचारलं,
लहान पोराचा हलणारा दुधाचा दात कसा काढता?
त्या हसल्या. हवेतच दोन बोटांनी दाखवलं.
मग बराच वेळ त्या बोटांकडेच बघत राहिल्या.
पुढचा चेंडू झेंड्यापाशी उतरला, आवाजसुद्धा न करता.
मी विचारलं होतं फक्त.

जुईली तेरा वर्षांची. तिला सुधारण्यासारखं फार नाही.
तिचे वडील मात्र मागे उभे राहून शूटिंग करतात,
तिलाच तिचा खांदा स्लो मोशनमध्ये दाखवतात.
त्यांना मी गेटवर चहा आणायला पाठवतो,
तीन कप, एक बिनसाखरेचा.
ते परत येईपर्यंत तिचा चेंडू
उजवीकडे पळायचं जवळजवळ विसरतो.
बिनसाखरेचा कुणीच पीत नाही.

ऑफिसने छापील तक्ता दिलाय, बारा धडे, बारा चौकोन.
महिनाअखेरीस मी सगळ्यांच्या चौकोनांत खुणा करतो,
एकाच बैठकीत, एकाच पेनाने.

स्वतः मी कॅडी होतो. पुस्तकातून शिकलो नाही.
त्याच्या आधी बाबांच्या मागे बांधावर.
भात कापताना माझी मूठ पांढरी पडायची.
ते न बघताच म्हणायचे,
'इला आवलू नको रं.
त्यो काय पलून नाय जायाचा.'
ती जमीन आता कुठल्या होलखाली आहे
हे मला नीट सांगता येतं,
पण कुणी विचारत नाही, मीही काढत नाही.

गेल्या माघात त्यांना इथे घेऊन आलो होतो.
सात नंबरची काठी हातात दिली.
डावा पाय आपोआप पुढे गेला,
कंबर वाकली, खांदे असे सैल
की मी पंधरा वर्षांत कुणाला शिकवू शकलो नाही.
चेंडू राहिला जागच्या जागी.
गवताचा तळहाताएवढा तुकडा मात्र
वीतभर लांब जाऊन पडला.
आजगावकर साहेब हसणार होते, थांबले.

बाबा चालत गेले, तुकडा उचलला,
खालची माती बोटांत चुरून बघितली,
परत आणून त्याच भोकात बसवला, टाचेने दाबला.
मग मला विचारलं,
'इथं रातीला पानी देतान का?'

देतात म्हटलं.
तेवढ्यानं त्यांचं भागलं.
दुसरा चेंडू ठेवला, तर नको म्हणाले.

आता नव्या माणसाला पहिल्यांदा तेच शिकवतो:
आपण उखडलेलं शोधायचं, आणून बसवायचं.
काही जण वाकतात. काही जण इकडेतिकडे बघतात,
हे काम करायला कोणी आहे का म्हणून.

बाहेर कुणीतरी डिकी आपटली.
सहा वाजून दहा. नवीन असणार.