पापुद्र्याची पाठ

फोडायच्या आधी कान लाव, बद्री.
नखाने टिचकी मार.
रिकाम्या काडेपेटीसारखं वाजलं ना?
म्हणजे रंग भिंतीला सोडून
कधीच निघून गेलाय,
नुसता जागेवर उभा आहे.

बातुमीत ही तक्रार नवी नाही.
काळ्या समुद्राच्या या काठाला
हवासुद्धा पिळून वाळत घालावी लागते.
पण त्सिउरीबाईंची ही झोपायची खोली, चौथा मजला,
पलंगाच्या उशाशी अकरा फुगे,
सगळ्यात मोठा बशीएवढा.
"तीनदा रंगवली," त्या म्हणतात, "तीनदा!"
आवाज असा, की जणू मीच रंगवली.

पटाशी आडवी धर. उचकटू नकोस, सरकव.
निघाला पापुद्रा? आता उलटा कर.
तोंड सगळेच बघतात, तू पाठ बघ.
पाठीला वाळू चिकटून आली, तर दोष गिलाव्याचा.
धूळ आली, तर रंगाऱ्याचा,
पुसायचा कंटाळा केला त्याने.
जुन्या तेली रंगाची चकाकी दिसली
तर घासलंच नाही कोणी.
आणि ही?
हात लाव. ही ओली आहे.

थरही मोज. वर साय, मग पिस्ता, खाली निळा.
हे बाईंच्या यजमानांचं, ओतारचं काम.
ईस्टर आला की एक डबा,
ईस्टर आला की ओलीला नवा सदरा.
आता ते पोलंडला असतात, गोदामात.
त्यांचा न धुतलेला ब्रश
मोरीत लाकडासारखा कडक झालाय.
बाई तो टाकत नाहीत. मीही विचारलं नाही.

काल संध्याकाळी मी भिंतीवर वीतभर प्लॅस्टिक लावलं,
चारी कडा चिकटपट्टीने बंद.
"हे काय, खिडकी?" बाई म्हणाल्या.
सकाळी थेंब खोलीच्या बाजूला असते
तर म्हटलं असतं, खिन्काली उकडताना तावदान उघडा,
ओल्या चादरी आत वाळवू नका.
थेंब प्लॅस्टिकच्या आत होते.
भिंत कधीपासून पाणी प्यायली होती.

मी वर गेले. पाचव्यावर जेमाल,
बनियनवर, हातात अर्धी काकडी.
त्याच्या एसीची नळी
बाल्कनीच्या फटीत खुपसलेली, सहा उन्हाळे.
"खाली जात असतं तर बोलले असते ना ते."
खाली बाई म्हणाल्या, "त्याला काय दिसत नाही होय?"
दोन हात रबरी नळी लागली. साडेचार लारी.

"मग आज रंग?"
नाही. आज काही नाही, उद्याही नाही.
तीन आठवडे पंखा आणि उघडी खिडकी.
कुतैसीहून पाहुणे येणार आहेत, येऊ देत.
पाहुण्यांना खाचापुरी वाढायची असते,
भिंत नाही.
रोज सकाळी पुन्हा प्लॅस्टिक,
ते कोरडं निघेल त्या दिवशी मला फोन करा.

मग कडा अशा घासायच्या, बद्री,
की डोळे मिटून बोट फिरवलं
तरी पायरी लागू नये.
लांबी पातळ, दोनदा. धूळ ओल्या फडक्याने,
फडक्याची ओलही जाऊ दे.
प्राइमर. रात्र.
पहिला हात. पुन्हा रात्र.
घाई केलीस तर दुसरा हात
पहिल्याला उचलून घेऊन येतो.

हसू नकोस. माझ्याही न्हाणीघरात एक आहे,
आरशाच्या डावीकडे, अंड्याएवढा.
दात घासताना रोज अंगठ्याने दाबते.
आत जातो,
आणि हळूच परत येतो.
माझ्या वर कोण राहतं
अजून विचारलेलं नाही.

चल, पटाशी पूस.