भू. चू. दे. घे.

सोहारच्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर,
एसी इतका गार
की थिएटरची थंडी पचवलेलेही शाल नाही म्हणून हळहळले,
तिथं भूलतज्ज्ञांची वार्षिक सभा भरली.
गणपूर्तीला अकरा कमी.
सभा तहकूब केली, अर्धा तास कहवा प्यायलो,
मग तीच सभा त्याच अकरांशिवाय पुन्हा भरवली.

मी खजिनदार. बिनविरोध, म्हणजे
नावं सुचवत होते तेव्हा मी फोन घ्यायला बाहेर गेले होते.

शिल्लक दोनशे सात रियाल, पाचशे बैसा.
वर्गणी थकलेले एक्केचाळीस.
तिघं देश सोडून गेलेत,
एकजण निवृत्त होऊन निझवाला खजुराची बाग बघतो,
आणि डॉ. खलफान अल-माअमरी
रमजानच्या आधीच्या आठवड्यात गेले.
त्यांच्या नावापुढे पंधरा रियाल लिहिताना पेन अडलं.
अध्यक्ष झुवैनाबाई म्हणाल्या, सोडून दे.
म्हटलं, ठराव लागेल.
सगळ्यांनी हात वर केले
आणि बराच वेळ कुणी खाली घेतले नाहीत.

साहमच्या शाळेत शिक्षकांना शिकवलं
बंद पडलेल्या छातीवर हात कसे ठेवायचे.
एकशे चौदा जण. पुतळ्याची एक बरगडी मोडली,
दुरुस्ती अठ्ठावीस रियाल.
पीटीचे मास्तर कुठल्याही देशात जरा जास्तच मनावर घेतात.

नवा उपक्रम: एक कार्ड.
खिशात मावणारं, नऊ भाषांत,
टेबलावर आडव्या माणसाला शेवटचं काय सांगायचं ते.
'शेवटचं' सोसम्माला खटकलं.
बरं, मास्क लावण्याआधीचं.
अरबी झालं, बलुची, स्वाहिली, बंगाली झालं,
मराठी ओळ माझ्याकडे. शब्द चार, पाचवा नाही.

'तुम्हाला झोप येईल' लिहिलं, खोडलं.
झोपेत माणूस कूस तरी बदलतो.
'भूल देते' लिहिलं.
औषधाचा शब्द, चकव्याचा, चुकीचाही.
उताण्या माणसानं त्यातला कुठला ऐकावा?

मग आठवला बंदरावरचा क्रेनवाला,
घाडीगावकर, कणकवलीकडचा.
हर्नियाची भीती नव्हती त्याला.
"किती येळाची भूल?"
दीड तासाची.
"तवसर माझ्याकडे कोण बघतलो?"
क्रेन चालवताना खाली एकजण झेंडी घेऊन उभा असतो,
त्यानं हात केल्याशिवाय लोखंड हलत नाही,
तो असं सांगत होता जणू
मी काल कामाला लागले.
म्हटलं, मी बघते.
"आणि चायेक गेलात तर?"
नाही जाणार.
त्यानं मान हलवली,
एका पाळीवाल्यानं दुसऱ्याला पाळी द्यावी तशी.
दहा. नऊ.
आठ त्यानं अर्धाच म्हटला.

मी बघते, चहाला नाही जाणार.
सोसम्मानं बोटं मोजली. पाच.
समितीनं चहा काढला.
मी बघते, नाही जाणार.
खाली बारीक टीप: पुरुष सदस्यांनी 'बघतो' वाचावं.

घाडीगावकरला कळवता येणार नाही.
टाके घालणाऱ्याचं नाव माणूस गावी जाऊन सांगतो,
आमचं त्याला ठाऊकच नसतं,
भेटलो तेव्हा आमचं तोंड झाकलेलं
आणि नंतर त्याचे डोळे मिटलेले.

हिशेब संपवून तळाशी पेन्सिलीनं लिहिलं
भू. चू. दे. घे.
फलटणला अण्णांच्या दुकानात खिळे-बिजागऱ्यांच्या प्रत्येक बिलाखाली
हे छापलेलं असायचं.
लहानपणी मला ते एखाद्या माणसाचं नाव वाटे,
चार आद्याक्षरं आणि आडनाव नाही.

ऑडिटर सुलेमाननं कागद उलटा धरून पाहिला.
ही सही कुणाची?
सही नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या, असं आहे.
पहिल्या अक्षराचा तेवढा आमच्या कामाशी संबंध.
त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही;
फोन वाजला, सिझेरियन,
बाळाचे ठोके मंदावलेले.
डब्यातली चिल्लर मोजायची तशीच राहिली.