डावीकडे तीन जास्त

मोईनभाईनं तीन डबे काउंटरवर ओळीनं मांडले.
"हा अठ्ठावीस हजारांचा, बघून तुम्हाला दया येईल.
तो सव्वा लाखाचा, बघून मला येईल, तुमची.
मधला पंचेचाळीस."

भिशीचे पैसे आतल्या खिशात, मी वही काढली.
एका स्पीकरमागं किती वॅट?
शंभर, म्हणाला.
आणि पाचही एकदम वाजले तर?
त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"सच बोलूँ? साठ."
दुकानात शंभर म्हणणारे पुष्कळ भेटले होते,
साठ म्हणणारा हा पहिला.
मी मधल्या डब्यावर बोट ठेवलं.

"वर चार बोटं जागा सोडा. तापतो हा.
आणि भाभींना सांगा, त्याच्यावर रुमाल नको."

चंद्रकलानं डबा दारातच अडवला.
"ज्याला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत
त्याला पाच भोंगे कामून?"

खरं होतं ते.
सव्वीस वर्षं रोलिंगच्या स्टँडवर,
लाल सळई नेहमी डावीकडून यायची
आणि मी कानात कापूस कोंबून तिची वाट बघायचो.
डॉक्टरच्या कागदावर उजवी रेघ बरी आहे.
डावी, एप्रिलातल्या पाझर तलावासारखी,
तळाशी.

डब्यात एक मायक्रोफोन निघाला, सुपारीएवढा.
तो माझ्या खुर्चीत ठेवायचा, मी उठायचं,
कानाच्या उंचीवर, म्हणून खाली दोन उशा आणि पाटा.
मग यंत्र प्रत्येक कोपऱ्यातून एक आवाज काढतं
आणि स्वतःच ऐकतं.
पडद्यावर अक्षरं आली:
खोलीत आवाज आहे.

कूलर बंद केला. पंखा बंद केला.
फ्रिजची पिन काढली.
शेजारच्या शिंगण्यांना हाक मारून
बोअरची मोटर थांबवली.
खोलीत आवाज आहे.
"आता कशाचा?" मी वैतागलो.
चंद्रकला म्हणाली, "मिलचा. दुसरा कशाचा?"

मी खिडकीशी गेलो.
चार किलोमीटरवरून ती घरघर येत होती,
जमिनीतून, भिंतीतून, खाटेच्या पायातून.
इतकी वर्षं मला वाटायचं
ती फक्त माझ्या कानात आहे.
कुणाला सांगितलं नव्हतं.
आज एका सुपारीएवढ्या गोष्टीनं
माझ्या बाजूनं साक्ष दिली.

शटडाउनच्या दिवसाची वाट पाहिली, नऊ दिवस.
मिल थांबली.
यंत्र पाच कोपऱ्यांतून पाच वेळा बोललं,
मधे थांबलं, विचार केला,
आणि म्हणालं, सगळं बरोबर.
माझ्या डाव्या कानात मिल चालूच होती.

मॅच लावली.
मागच्या कोपऱ्यातून कुणी टाळी वाजवली,
चंद्रकला उठून दार बघून आली.
दोनदा.
मी मान थोडी वळवून बसलो होतो,
उजवा कान पुढं करून, सवयीनं.
तिनं ते पाहिलं.
रिमोट घेतला, चष्मा शोधला,
मला कधी न सापडलेल्या पानावर गेली,
डावा स्पीकर, अधिक एक.
"आता?"
अधिक दोन.
"आता?"

तिसऱ्याला माझी मान आपोआप सरळ झाली.

आता पाहुणे आले की म्हणतात,
दादा, तुमचं सेटिंग एका बाजूला कलतंय.
मी हो म्हणतो.
डाव्या बाजूची खुर्ची तिची,
त्या तीनचा जास्तीचा आवाज
तिच्या कानावरून माझ्याकडं येतो.

विणलेला रुमाल तिनं यंत्रावरून उचलला,
चार बोटं मोजून जागा बघितली.
मायक्रोफोन मात्र
कापसात गुंडाळून डब्यात ठेवला.
लागंल परत, म्हणाली.