छपराची पाटी

आजोबांनी हे छप्पर चढवलं,
बापाने उतरवलं.
मधे एक्क्याऐंशी वर्षं.

जोसाया गार्बट हाडं उकळायचा.
घोड्यांची, गुरांची, मिळतील ती.
अर्ध्या इंग्लंडच्या खुर्च्या त्याच्या सरसावर उभ्या.
कारखाना लीड्सला,
पण वास कोटातून जाईना, पावातून जाईना,
बायको जेवताना खिडकीकडे तोंड करून बसे;
म्हणून त्याने चाळीस मैलांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला,
स्केलबेकची ही टेकडी घेतली.

पाट्या वेल्सहून आल्या, जांभळट निळ्या,
पेंढ्यात गुंडाळलेल्या, अंड्यांसारख्या.
तीन बुरूज. एकोणीस धुरांडी.
नोकरांच्या बोळात तेवीस घंटा,
प्रत्येकीखाली सोनेरी अक्षरांत खोलीचं नाव.
काचघरात एक अननस पिकवायला
किती गाड्या कोळसा लागला
ते गाडीवान शेवटपर्यंत सांगत राहिला.
तबेल्यावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे,
कामाला कुणी उशिरा येऊ नये म्हणून.
गाव त्या दहा मिनिटांत म्हातारं झालं.

पुढचं पटकन झालं.
थोरला नातू सॉमच्या चिखलात राहिला.
धाकटा घोड्यांवर हरला,
ज्यांच्या हाडांवर आजा जिंकला होता.
मग दुसऱ्या युद्धात लष्कर आलं,
जिन्याचे कठडे शेकोटीत गेले,
लायब्ररीच्या दारावर बाणांची भोकं.

उरली मिस हेस्टर.
स्वयंपाकघरात एक रॉकेलचा स्टोव्ह, एक खाट,
छतातून ठिबके तिथे तिथे घंगाळी.
मी दूध घेऊन जायचे, नऊ-दहा वर्षांची.
एकदा बोळात उभी होते
आणि घंटा वाजली. दिवाणखान्याची.
केवढी दचकले!
थोड्या वेळाने मिस हेस्टर आल्या, धापा टाकत,
घंटेखाली थांबल्या,
मान लववून म्हणाल्या, ‘आले, बाईसाहेब,’
आणि चहाचं आधण ठेवलं.
मला म्हणाल्या, तूही घे.

त्या गेल्या फेब्रुवारीत. भाचा नैरोबीला.
त्याची तार आली दोन ओळींची.
कायदा साधा: छप्पर असेल तर घर,
घर असेल तर कर.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात.
इथे वासे लाकूडवाल्याने आधीच मोजून ठेवले होते.
शिसं भंगारात, घंटा भंगारात,
पाट्या उतरवायला माझा बाप,
शेकड्याला चार शिलिंग.

तिसऱ्या दिवशी तो मधल्या आढ्यावरून खाली आला
आणि गवतात बसून राहिला.
हातात एक पाटी. तिच्या पाठीवर
खिळ्याने कोरलेलं, वाकडंतिकडं:
अमोस ऑझ्बी. नऊ ऑक्टोबर १८७१.
बोटं गारठली. तीन आठवडे मजुरी नाही.
म्हातारा घाबरट आहे, वर बघतसुद्धा नाही.

बापाला तोवर ठाऊक नव्हतं
की त्याच्या बापाला लिहिता येत होतं.

आता तिसऱ्या मजल्याच्या भिंतीत
एक शेगडी अधांतरी आहे, खाली जमीन नाही;
तिच्यात डोमकावळे काड्या रचतात,
पेटवायला कुणी येणार असल्यासारख्या.
जेवणघरात ॲशचं झाड, खिडकीपेक्षा उंच.
आमच्या साऱ्या गावाची डुकरं, सायकली, बटाटे
आज गार्बटच्या निळ्या पाट्यांखाली कोरडे आहेत.

ती एक पाटी मी मागितली होती.
नाही दिली बापाने.
पाटी भिंतीवर टांगायची नसते म्हणाला,
आणि खुराड्याच्या छपरावर बसवली, नीट, दोन खिळ्यांनी,
अक्षरं खालच्या बाजूला,
कोंबड्यांकडे.