मानस

फळी वर आली नाही.
आलं ते कमरेतूनच काहीतरी,
ओलं सोडण फाटावं तसा आवाज,
फक्त मलाच ऐकू आला.
मानशीवरून सेबी ओरडला, 'ओढ रे, भरती फिरली.'

बांबोळीला शिरवईकर डॉक्टरबाईंनी
फोटो उजेडाला लावला.
पाच मणके, मधल्या चकत्या.
बाकीच्या पांढुरक्या, एकच काळी,
सुकतीला उघड्या पडलेल्या चिखलासारखी.
म्हणाल्या, चकतीला स्वतःचं रक्त नसतं.
लहानपणी बारीक वाहिन्या असतात, मग त्या मागे फिरतात.
पुढे सगळा जन्म
शेजारच्या हाडातून येणाऱ्या पाझरावर.

मी म्हटलं, बाई, हे मला नका सांगू.
चाळीस वर्षं आजोशीच्या बांधाआड
कोरगुट पिकवलंय.
किती आत घ्यायचं, किती बाहेर सोडायचं,
दार कधी मिटायचं,
त्यालाच आमच्यात मानस म्हणतात.

हसल्या. मग पेनाच्या टोकाने
काळ्या चकतीची कड दाखवली.
इथे फाटलंय. फटीतून
नव्या रक्तवाहिन्या आत शिरतायत.
'म्हणजे भरून येतंय?'
त्यांनी पेन खिशाला अडकवलं.
'त्यांच्या मागोमाग मज्जातंतूही येतात.
जिथे दुखायला कुणी नव्हतं
तिथे आता कुणीतरी आहे.'
आणि शेजारच्या हाडात
रक्त पहिल्यासारखं फिरत नाही, हेही म्हणाल्या,
पण तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

बसमध्ये उभाच राहिलो. बसवेना.
खालचा बांध फुटला होता त्या साली
खारं पाणी आठवडाभर शेतात राहिलं.
मग कांदळं उगवली,
हिरवीगार, चकचकीत पानांची.
पणजीचा एकजण फोटो काढून गेला,
म्हणाला, काय सुंदर.
आई बांधावर बसून होती.
त्या हिरव्यातलं एक पान
भाताबरोबर खाता येणार नव्हतं.

रात्री पालथा पडतो.
शेवंती तव्यावर मीठ तापवते,
फडक्यात बांधून कमरेवर फिरवते.
मीठ आपल्याच आगरातलं, जाडं, करडं.
खाली खाडी चढत असते.
फळी आता सेबीचा पोरगा पाडतो,
अजून वेळ चुकतो, कानाला कळतं.
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये
न बोलावता आलेलं रक्त
घर बांधत बसलेलं असतं.

'इथे?' ती विचारते.
मी म्हणतो, जरा डावीकडे.