पेंढ्याचा रंग

रबाळे एमआयडीसी, सेकंड शिफ्ट.
हशाराम मढवी टाकीत मीठ टाकतो,
ओंजळीनं, मापानं नाही.
बाप मिठागरावर होता,
एवढंच एकदा बोलला होता.

भट्टीत तीस पंच.
आधी सुक्या मिरचीचे, मग डाळिंबाच्या दाण्याचे.
सळईला बांधलेलं लोहचुंबक तो जवळ नेतो.
चिकटलं. थांब.
चिकटलं. थांब.
नाही चिकटलं.
"आता हे कुणाचंच नाही," म्हणतो,
"अजून जरासं. मग दे पाणी."

कोयत्यालाही पाणीच देतात आमच्याकडे,
माणसात ते असतं किंवा नसतं.

तन्वीरनं घाईत एक उचलला,
अजून निववायचा होता तो,
निसटला कोब्यावर.
वाकला नाही, पोचा आला नाही.
बांगडीसारखा तुटला.

तुकडा मी लॅबमध्ये आणला.
चौसष्ट, मशीन म्हणालं.
उदेशी साहेबांना आकडा आवडला.

घासला, आरसा केला, नायटलमध्ये बुडवला,
मायक्रोस्कोपखाली धरला.
काल याच सळईत थर होते,
कालवाच्या शिंपल्याला आतून असतात तसे,
एक मऊ, एक कडक, अंगाला अंग लावून.
आज नुसत्या सुया.
तापल्यावर लोखंडानं जागा करून दिली,
कार्बन आत आला, ऐसपैस बसला,
आणि पाण्यानं एका दमात दार लावलं.
निघायला वेळच मिळाला नाही त्याला.
ते अडकून पडणं
मशीनवर चौसष्ट दिसतं.

भाऊ घणसोलीत राहतो, पुढच्याच गावात.
मागच्या गणपतीपासून बोललेलो नाही.

उरलेले एकोणतीस हशारामनं रात्रीच शेकले, एकट्यानं.
दुसऱ्या दिवशी नवा लॉट, आणि तन्वीर समोर.
"टोक घास. पेंढ्याचा रंग आला की काढ."
"पेंढा म्हणजे?"
मुंब्र्याच्या सातव्या मजल्यावर वाढलेलं पोर.
हशाराम कंपाउंडच्या भिंतीपलीकडे बघायला लागला,
बराच वेळ.
मग टेम्पोवाल्याकडून मागवली
तुर्भे मार्केटातली आंब्याची रिकामी पेटी,
आणि आतल्या पेंढ्याच्या दोन मुठी
तारेनं बांधल्या पॅनलला.
एक कोरडी.
एक पाण्यात बुचकळून भट्टीजवळ सुकवलेली.
"आपल्याला ही दुसरी."

घासलेल्या टोकावर रंग चढत आला,
आधी असून नसल्यासारखा.
तन्वीर मुठीकडे बघतो, पंचाकडे बघतो,
पुन्हा मुठीकडे.
"आता?"
हशाराम बोलत नाही.
"आता."

अठ्ठावन्न.
"सहा कमी कसे?" उदेशी साहेब.
हशारामनं पंच उचलला
आणि दिला सोडून कोब्यावर.
टण्ण.
उडाला, लोळला, कंप्रेसरखाली गेला.
"काढ रे तो," तन्वीरला म्हणाला,
आणि हात पुसायला चिंधी शोधू लागला.

मी रिपोर्ट भरला. रिमार्कचा रकाना तसाच.
फोन बाहेर काढला, नंबरापर्यंत गेले,
बोटांना नायटलचा वास होता,
परत ठेवला.
पॅनलवरच्या कोरड्या मुठीला
अजून हापूस येतो, जवळ गेलं तर.