मऊ भाताबरोबर

चौतीस वर्षं कुलाब्याच्या त्या हॉटेलात
मी बाटलीचं लेबल गिऱ्हाइकाकडे वळवून धरलं.
मनगटावर पांढरा नॅपकिन, टाचा जुळलेल्या,
पहिला घोट ओतायचा
आणि कुणाची तरी मान हलेपर्यंत थांबायचं.

निवृत्तीच्या दिवशी तळघरातल्या डिमेलोनं
वर्तमानपत्रात गुंडाळून ही एक हातात दिली.
म्हणाला, जगू, दांडगी हाय ही.
आज उघडशील तर जीभ सोलून काढेल.
दहा वर्षं झोपव,
मग मटणासंगती घे, हाडाचं, काळ्या वाटणाचं.

दहाची अठरा झाली.
माझगावच्या दीड खोलीत तळघर कुठलं?
पलंगाखाली, तांदळाच्या डब्याच्या आडोशाला,
हेमलताच्या जुन्या सुती पातळात
आडवी निजवली होती.
मे महिन्यात ही तिच्यावर ओला पंचा टाकायची,
घरात तापानं फणफणलेलं पोर असावं तसा.

मुलीच्या लग्नात उघडू म्हणालो.
तिनं लग्न केलं ते फोनवर कळलं.
डिमेलो गेला, तेव्हा उघडावीशी वाटली,
पण त्या दिवशी घरात पाणी नव्हतं.

आणि मटण तर जानेवारीतच सुटलं.
डॉक्टर इराणींनी चिठ्ठीवर लिहिलं, रात्री हलकं,
खाली दोन रेघा मारल्या.
दोन घोटांचं विचारलं
तर चष्मा पुसत बसले बराच वेळ.

परवा हिनं पलंगाखाली वाकून तांदूळ काढले
आणि त्यांच्याबरोबर हीपण काढली.
आज काय आहे, मी विचारलं.
बुधवार, म्हणाली.

बूच अर्ध्यात मोडलं.
स्क्रू तोच, हात तेच, थरथर तेवढी नवी.
मग चहाची गाळणी उकळत्या पाण्यातून काढली,
तिच्यातून गाळली सावकाश.
जाळीवर मेंदीसारखा गाळ राहिला.
वास आला आधी ओल्या गोणपाटाचा,
मग वडिलांच्या चामडी पट्ट्याचा,
आणि पार खाली, लाजल्यासारखा, जांभळाचा.

ताटात मऊ भात, तूप, चिमूटभर मीठ,
आणि गॅसवर भाजलेलं लहानसं वांगं,
कांदा नाही, मिरची नाही,
हिची कवळी अजून नीट बसत नाही.
मी मनात म्हटलं, हे काही जमायचं नाही.
हॉटेलात कुणी मागितलं असतं
तर मी अदबीनं खोकलो असतो.

तेवढ्यात ही उठली.
पदर काढून मनगटावर घडी घालून टाकला,
काचेच्या पेल्यात बोटभर ओतलं,
आणि बाजूला उभी राहिली, टाचा जुळवून.
सायेब, चालेल का?

इतक्या वर्षांत हे कधी बघितलं हिनं?
मी सांगितलं असेल, झोपताना, केव्हातरी.

घोट घेतला.
दांडगी ती अजून होतीच,
पण दारात चपला काढून आत आली,
भाताशेजारी पाटावर बसली,
वांग्याच्या जळक्या सालीची तिची
जुनी ओळख निघाली बहुतेक.
तूप मधे पडलं, आणि जीभ शाबूत राहिली.

मान हलवायची होती मला.
किती माना बघितल्या, तिरक्या, घाईच्या,
सोबतच्या बाईला दाखवायला हललेल्या,
माझी कशी हलवायची तेच सुचेना.
ही उभीच. पाय दुखतात हिचे.
बस, म्हटलं, बस आधी.

हिनं चाखली आणि म्हणाली,
आमसुलांच्या बरणीत तळाला उरतं ना, तसं लागतं.
मग आणखी एक घोट घेतला, न सांगता.
गोदीकडून भोंगा झाला.
पापड राहिलाच की भाजायचा, ती म्हणाली,
पण उठलं कुणीच नाही.

बाटलीत दोन बोटं उरली आहेत.
बूच तर चुरा झालेलं.
तोंडावर वाटी पालथी घालून
हिनं ती दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली.
उद्या पेज करते, म्हणाली.